तिकिटाची खिडकी आणि नदीचे मूळ

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाची सहल ही एकेकाळी ठरून गेलेली गोष्ट होती. जेजुरी, पंढरपूर, गाणगापूर ही देवस्थाने, नाही तर माथेरान-महाबळेश्वर ही थंड हवेची ठिकाणे, यांपलीकडे तिची मजल क्वचितच जाई. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या यादीत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. होडीत बसून खाडीतून किंवा नदीतून फिरावयाचे आणि काठावरचे पक्षी, मगरी, खारफुटीचे रान पाहावयाचे. केरळात आलप्पुळ्याचे कालवे, ओडिशात भितरकणिका, बंगालात सुंदरबन, गोव्यात कुंभारजुव्याचा कालवा आणि चोडण बेटावरचे सलीम अली पक्षी अभयारण्य ही नावे आता ठाणे-कल्याणच्या घरांतून सहज ऐकू येतात. खुद्द महाराष्ट्रात वाशिष्ठीच्या खाडीत मगरी पाहण्यासाठी होड्या निघतात, वेंगुर्ल्याला कांदळवनाची सफर होते, आणि ऐरोलीहून ठाणे खाडीत फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, पाहण्यासाठी हिवाळाभर रांग लागते.

ही आवड स्वागतार्ह आहे. ज्या खाडीकडे कालपर्यंत गाडीच्या खिडकीतून नाकाला रुमाल लावून पाहिले जाई, त्याच खाडीत तिकीट काढून, मुलाबाळांना घेऊन लोक जाऊ लागले आहेत. लोकरुचीतला हा बदल लहान नाही. परंतु या गर्दीबरोबर एक सोयीस्कर समजही रूढ होऊ पाहत आहे. पर्यटक आले म्हणजे पाणथळ जागा सुरक्षित झाली, तिकिटांचे उत्पन्न वाढले म्हणजे निसर्गाची प्रकृती सुधारली, असा तो समज आहे. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. आणि अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या आम्हा लोकांना तर ते अधिकच आवश्यक आहे.

खाडीचा नवा लौकिक

ठाणे खाडीचा काही भाग ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र १,६९० हेक्टर. त्यांपैकी ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर जलक्षेत्र. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य. वन विभागाच्या कांदळवन कक्षाने २०१७ मध्ये ऐरोलीला सागरी जैवविविधता केंद्र सुरू केले आणि तेथून होड्या सुटू लागल्या. इराणमधील रामसर या गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणासाठी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत २०२२ मध्ये ठाणे खाडीचे ६,५२१ हेक्टर क्षेत्र दाखल झाले. नांदूरमधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर हा मान मिळालेले हे महाराष्ट्रातील तिसरे स्थळ होय.

अंबरनाथच्या कुटुंबाला ही सहल एका दिवसात आणि बेताच्या खर्चात होते. लोकलने ठाणे, तेथून वाशीकडे जाणाऱ्या गाडीने ऐरोली, पुढे रिक्षा. होडीची वेळ मात्र आपल्या सोयीने ठरत नाही. ती भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून ठरते. गेल्या हिवाळ्यात मी सहकुटुंब ही फेरी केली. पाण्याला पुरेशी खोली असेतो होडी चालते, आणि चिखल उघडा पडू लागला की पक्षी दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांसारखे कामाला लागतात, हे दोन्ही तेव्हा पाहावयास मिळाले. शेकाट्या, तुतारी, उचाट्या, बगळे, खंड्या ही मंडळी मुलांनी पुस्तकातील चित्रांवरून ओळखली. रोहितांचा थवा उडाला तेव्हा पंखांखालचा लाल-काळा रंग पाहून माझ्या वृद्ध आईने हात जोडले. अशा प्रसंगी अर्थशास्त्र आठवू नये, हे खरे. पण परतीच्या वाटेवर ते आठवले.

आठवले ते असे. त्या दिवशीच्या आमच्या खर्चात रेल्वेचे भाडे होते, रिक्षा होती, खाणे होते, केंद्राचे आणि होडीचे तिकीट होते. त्यातून डिझेल, खलाशी, देखभाल, कर्मचारी यांचा खर्च निघत असेल. परंतु ज्या वस्तूसाठी आम्ही गेलो ती वस्तू, म्हणजे जिवंत खाडी, त्या खर्चात कोठेच नव्हती. तिचे उत्पादन कोण करतो, तिची झीज कोण करतो आणि त्या झिजेचे पैसे कोण भरतो, या प्रश्नांचा तिकिटाच्या खिडकीशी काही संबंध नसतो.

अर्थशास्त्रात अशा स्थळांचे मूल्य मोजण्याची एक रीत आहे. हॅरल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये आपल्या देशाच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला पत्र लिहून ती सुचविली होती. लोक त्या ठिकाणी पोहोचण्यासाठी किती दुरून येतात आणि किती खर्च करतात, यावरून त्या स्थळाची त्यांच्या लेखी असलेली किंमत काढावयाची. रीत चतुर आहे, तिचा उपयोगही पुष्कळ झाला आहे. पण तिच्यात एक मोठी फट आहे. जेथे कोणी सहलीला जात नाही, त्या जागेचे मूल्य या हिशेबात शून्य येते.

गर्दी ही प्रकृतीची साक्ष नाही

ठाणे खाडीत रोहित पक्षी इतक्या मोठ्या संख्येने का येतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर ते लक्षणीय संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०१८ पासून हाती घेतलेल्या अभ्यासात त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेल्याचे आढळले. यांपैकी बहुसंख्य पक्षी धाकटे रोहित आहेत. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे निळे-हिरवे सूक्ष्म शेवाळ. चोच उलटी पाण्यात बुडवून, चिखलपाणी गाळून, हे शेवाळ ते खातात. पिसांचा गुलाबी रंगही अन्नातूनच येतो.

आता हे शेवाळ वाढते कशावर? नायट्रोजन आणि फॉस्फरस यांवर. आणि महानगराच्या खाडीत ही द्रव्ये पुरविणारा सर्वांत उदार दाता म्हणजे सांडपाणी. शहरांच्या मैल्याने खाडीचे पाणी पोसले, त्यावर शेवाळ माजले आणि त्या शेवाळासाठी पक्षी आले, अशी कार्यकारणाची साखळी काही अभ्यासकांनी मांडली आहे. ती अंशतः जरी खरी असली, तरी तिचा अर्थ अस्वस्थ करणारा आहे. ज्या दृश्यासाठी आपण तिकीट काढतो त्याच्यामागे आपल्याच न शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा हातभार असू शकतो.

यावर कोणी म्हणेल की, मग उत्तमच झाले. घाणीचे सोने झाले. हा युक्तिवाद टिकत नाही. शेवाळ एका मर्यादेपलीकडे माजले की पाण्यातील प्राणवायू संपतो, मासळी मरते, आणि त्या पाण्यात केवळ मैला नसतो तर कारखान्यांची रसायने आणि जड धातूही असतात. मैल्यावर वाढलेले शेवाळ रोहिताला चालते. त्याच पाण्यातली बोय, कोळंबी, खेकडे आणि शिंपल्या कमी झाल्या की पाग टाकणाऱ्या कोळ्याचे घर चालत नाही. दिवा, ऐरोली, वाशी, भांडुप, चेंदणी येथील कोळीवाडे या खाडीवर अभयारण्याच्या कितीतरी आधीपासून जगत आले आहेत. पक्ष्यांच्या संख्येचा आलेख वर जात असताना जाळ्यातल्या मासळीचा आलेख खाली जाऊ शकतो. तिकिटाच्या खिडकीला पहिला दिसतो. दुसरा दिसत नाही.

शिवाय पक्ष्याचा प्रपंच अभयारण्याच्या सीमारेषेत मावत नाही. ओहोटीला तो खाडीच्या चिखलावर चरतो. भरतीला तो चिखल बुडाला की त्याला उथळ पाण्याची दुसरी जागा लागते. नवी मुंबईत नेरूळच्या बाजूचे तलाव ही त्यांपैकी एक जागा. २०२४ च्या उन्हाळ्यात तेथील एका तलावावर काही रोहित मृत आणि जखमी आढळले. तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट बंद झाल्याची तक्रार त्याआधीपासूनच होत होती. पुढे २०२५ मध्ये त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास राज्य वन्यजीव मंडळाची मान्यता मिळाली, ही समाधानाची गोष्ट. परंतु एवढे होण्यासाठी आधी पक्षी मरावे लागले. होडीतून पाहणाऱ्याला मात्र त्या काळात खाडीत थवे दिसतच होते.

म्हणूनच गर्दी, थवे आणि तिकिटांची विक्री यांपैकी कोणतीही गोष्ट खाडीच्या प्रकृतीची साक्ष म्हणून ग्राह्य धरता येत नाही. ती साक्ष शोधावयाची तर उलट दिशेने, पाण्याच्या उगमाकडे जावे लागेल.

नदीचे मूळ पाहावेच

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषींच्या बाबतीत ती सभ्यपणाची असेल. नद्यांच्या बाबतीत तिने आपली फार सोय करून ठेवली आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी उभे राहून ती बाजूला ठेवावी.

शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, शिलाहार राजा मम्वाणी याच्या काळात पूर्ण झालेले हे मंदिर वालधुनी नदीच्या काठी उभे आहे. ते बांधणाऱ्यांनी नदीकाठ निवडला, यात नवल नाही. देवळाला पाणी हवे, वस्तीला पाणी हवे. मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांतून उतरलेली ही लहानशी नदी वरच्या अंगाला इतकी निर्मळ होती की, काकोळे येथे रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी तिच्यावर धरण बांधले. अंबरनाथची जुनी मंडळी नदीत डुंबल्याच्या आणि श्रावणात तेथून पाणी नेल्याच्या आठवणी सांगतात. आज महाशिवरात्रीला लाखो भाविक येतात तेव्हा देवळाच्या भिंतीवरील शिल्पे पाहतात, नंदीला हात लावतात, आणि नदीकडे पाठ करून रांगेत उभे राहतात. पुढे ही नदी उल्हासनगरातून, दोन्ही बाजूंच्या घरांचे आणि कारखान्यांचे पाणी पोटात घेत, कल्याणजवळ उल्हासच्या खाडीला मिळते.

उल्हासची कथा याहून वेगळी नाही, केवळ मोठी आहे. राजमाचीच्या परिसरात उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर अशी ती वाहते. उन्हाळ्यात तिला जे पाणी असते त्यात टाटांच्या भिवपुरी वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्याचा वाटा मोठा आहे. या एका नदीतून बदलापूरपासून शहाडपर्यंत ठिकठिकाणी पिण्याचे आणि कारखान्यांचे पाणी उचलले जाते. आणि याच नदीत आपण ते घाण करून परत सोडतो. उन्हाळा आला की जलपर्णीचा हिरवा गालिचा पात्रभर पसरतो. तो गालिचा आणि ठाणे खाडीतले शेवाळ ही एकाच कुळातली अपत्ये आहेत. दोघांचे पोषण मैल्याने होते. जलपर्णी पाहण्यासाठी मात्र कोणी तिकीट काढीत नाही.

येथे एक भूगोल नीट ध्यानात घेतला पाहिजे. कल्याणच्या पुढे उल्हासचे मुख्य पाणी ठाण्याला वळसा घालून, घोडबंदरवरून, वसईच्या खाडीने समुद्रास मिळते. ठाण्याजवळ एका अरुंद पात्राने ते ठाणे खाडीला जोडलेले आहे. म्हणजे आमच्या वालधुनीची घाण थोडीफार ठाणे खाडीच्या वाट्याला येत असली तरी तिचा मोठा भाग वसईच्या दिशेने जातो. ठाणे खाडीवर मुख्य भार आहे तो मुंबई, ठाणे, नवी मुंबई यांच्या सांडपाण्याचा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचा. हे मान्य केल्याने आमची जबाबदारी कमी होत नाही, उलट प्रश्न अधिक टोकदार होतो.

एका खाडीकडे लाल-गुलाबी पक्षी आहेत, अभयारण्य आहे, रामसरची पाटी आहे, होडीचे तिकीट आहे. तिच्या शेजारच्या उल्हासच्या खाडीला यांतले काही नाही. तिच्याकाठीही कांदळवन आहे, तिच्यातही निवट्या आणि खेकडे आहेत, तिच्यावरही कोळी आणि आगरी कुटुंबे जगली आहेत. पुराचे पाणी सामावून घेण्याचे कामही हीच खाडी आणि हाच नदीकाठ करतो. २००५ च्या जुलैमध्ये बदलापूरने आणि कल्याणने काय सोसले हे सांगावयास नको. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. नदीच्या पसरण्याच्या जागा आपण भराव टाकून बुजविल्या की नदी त्या परत मागते. पण हॉटेलिंगच्या हिशेबात या साऱ्याची किंमत शून्य; कारण येथे कोणी सहलीला येत नाही. पर्यटनावर विसंबून निसर्गरक्षण करावयाचे ठरविले तर सुंदर खाडी वाचेल आणि कुरूप खाडी गटार होईल.

न भरलेले बिल

ए. सी. पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० च्या आपल्या ग्रंथात एक साधी गोष्ट सांगितली. उत्पादकाने केलेल्या हानीचा भार जर तिसऱ्यावर पडत असेल आणि उत्पादकाला त्याचे पैसे द्यावे लागत नसतील, तर ती हानी गरजेपेक्षा अधिक होत राहील. म्हणून तिच्यावर कर बसवावा. हे तत्त्व आपल्याकडे अज्ञात होते असे नाही. १९७४ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा झाला. १९७७ मध्ये पाण्याच्या वापरावर उपकर बसविण्याचा कायदा झाला. उद्योगांबरोबर नगरपालिकांनाही तो लागू होता, आणि जो शुद्धीकरणाची यंत्रणा बसवील त्याला त्यात सूट होती. दर नगण्य होते, वसुली ढिली होती, हे खरे. परंतु कर सुधारण्याऐवजी २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर तो उपकरच रद्द झाला. पाणी घाण करण्याची जी काही थोडी किंमत कागदोपत्री होती, तीही गेली.

किंमत नाहीशी झाली तरी भार नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात टँकरने रासायनिक कचरा ओतला गेला आणि त्यातून उठलेल्या वायूने काठावरच्या वस्तीतील शेकडो माणसे इस्पितळात गेली. त्या माणसांनी त्या रात्री जे बिल भरले ते कोणा तरी कारखान्याने वाचविलेले शुद्धीकरणाचे बिल होते. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण वनशक्ती या संस्थेने हरित न्यायाधिकरणापुढे नेले. २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने स्थानिक संस्था आणि सामायिक शुद्धीकरण केंद्रे यांच्यावर कोट्यवधी रुपयांचा भार टाकणारा निर्णय दिला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१८ च्या सुमारास उल्हासनगरातील जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर कारवाई झाली आणि ते मोठ्या संख्येने बंद पडले.

या कारवाईकडे केवळ समाधानाने पाहता येत नाही. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या या शहराने हातावर पोट असलेल्या हजारो लोकांना काम दिले आहे. कारखाना बंद झाला तेव्हा मालकाने यंत्रे उचलली आणि काहींनी ती आसपासच्या गावांत नेली. मजूर मात्र रस्त्यावर आला, आणि सांडपाणी एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात गेले. वर्षानुवर्षे काही न करणे आणि मग एके दिवशी कुलूप ठोकणे, या दोन टोकांमध्ये जे शासन करावयाचे असते ते आपल्याकडे झालेच नाही. सोडलेल्या प्रत्येक घनमीटर पाण्याचे मोजमाप, त्याच्या घाणीच्या प्रमाणात आकार, आणि त्या पैशातून लहान कारखानदारांना परवडेल असे सामायिक शुद्धीकरण, ही मधली वाट आहे. ती कंटाळवाणी आहे. तिचे उद्घाटन करता येत नाही.

ज्यांची खाडी, त्यांचा वाटा

मग या होड्या बंद कराव्यात काय? मुळीच नाही. प्रश्न होडी कोणाची आणि तिचे उत्पन्न कोठे जाते हा आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी या महिला बचत गटाने २०१७ पासून कांदळवनाची सफर चालविली आहे. मासेमारीवर जगणाऱ्या घरांतील या स्त्रिया स्वतः वल्ही मारतात, झाडांची नावे सांगतात आणि उत्पन्न आपल्या हाती ठेवतात. कांदळवन तुटले तर त्यांचे मीठभाकरीचे साधन तुटते, म्हणून राखणदार वेगळा नेमावा लागत नाही. ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी मंगलाजोडी येथे पूर्वी पक्ष्यांची शिकार करणारेच पुढे वाटाडे झाले, ही गोष्टही सर्वश्रुत आहे. सामायिक साधनसंपत्ती तिच्यावर जगणाऱ्यांच्या हाती नियमांसह दिली तर ते ती नीट राखू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांनी दाखविले आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ठाणे खाडीच्या पर्यटनात कोळीवाड्यांचा वाटा किती, हे दरवर्षी जाहीर झाले पाहिजे आणि तो दयेचा नसून हक्काचा असला पाहिजे.

मात्र वेंगुर्ल्याचा धडा ठाण्यास जशाचा तसा लागू पडत नाही. मांडवीच्या वरच्या अंगाला अंबरनाथ नाही, उल्हासनगर नाही, तुर्भे नाही. तेथे राखणदार काठावर बसून खाडी राखू शकतो. येथे खाडीचा मारेकरी पन्नास किलोमीटर दूर बसलेला असतो आणि त्याने खाडी कधी पाहिलेलीही नसते. म्हणून येथे पैसाही वरच्या अंगापर्यंत पोहोचला पाहिजे आणि जाबही. कोस्टा रिका या लहानशा उष्णकटिबंधीय देशाने १९९७ पासून इंधनावरील कराच्या उत्पन्नातून डोंगरावरच्या जमीनमालकांना जंगल राखण्याचा मोबदला देण्यास सुरुवात केली. पाणी, जैवविविधता, हवेतील कर्ब शोषून घेणे आणि निसर्गसौंदर्य अशा चार सेवांचे ते देणे आहे. खालच्या अंगाला होडीतून फिरणाऱ्या प्रवाशाला जे दिसते ते वरच्या अंगाच्या जंगलामुळे दिसते, हे तेथे कायद्याने ओळखले.

काय करावे?

पहिली गोष्ट अगदी स्वस्त आहे. ऐरोलीच्या तिकीट खिडकीशेजारी एक फलक लावावा. त्यावर त्या महिन्यात खाडीच्या पाण्यात प्राणवायू किती होता, मैल्याचे जंतू किती होते आणि कोणत्या शहराने किती पाणी न शुद्ध करता सोडले, हे आकडे असावेत. प्रदूषण नियंत्रण मंडळ पाण्याचे नमुने तपासतेच; ते आकडे जेथे लोक जमतात तेथे आणून ठेवावयाचे आहेत. असाच दुसरा फलक शिवमंदिरापाशी, नदीच्या बाजूला लावावा.

दुसरी गोष्ट, रद्द झालेला उपकर नव्या स्वरूपात परत आणावा. तो उचललेल्या पाण्यावर न लावता सोडलेल्या घाणीवर लावावा, आणि त्याचे उत्पन्न राज्याच्या तिजोरीत हरवू न देता त्याच नदीच्या खोऱ्यात खर्च व्हावे. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा, औद्योगिक विकास महामंडळ आणि नदीकाठच्या ग्रामपंचायती यांचा उल्हास-वालधुनीपुरता एकच हिशेब असावा. आज प्रत्येकाची हद्द संपली की त्याची नदीही संपते.

तिसरी गोष्ट आमच्या घरची. शिवमंदिर परिसराच्या विकासाची कामे शासनाने हाती घेतली आहेत. दगडी फरसबंदी, दिवे, कमानी हे सारे व्हावे. पण नऊशे साठहून अधिक वर्षे उभ्या असलेल्या देवळाला नव्या कमानीची तितकीशी निकड नाही. त्याच्या पायाशी वाहणाऱ्या पाण्याची आहे. नदीकाठी घाट बांधून त्यावर बसता येत नसेल, तर तो घाट कोणासाठी?

एक शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत अवघड आहे. सांडपाणी खरोखरच शुद्ध होऊ लागले, शेवाळ घटले आणि रोहित पक्षी लाखावरून काही हजारांवर आले तर? होड्या रिकाम्या जातील, उत्पन्न बुडेल, वृत्तपत्रांत हळहळ व्यक्त होईल. माझ्या मते ही शक्यता आपण आजच उघडपणे मान्य करावी. कच्छच्या रणासारख्या आपल्या मूळ स्थानी हे पक्षी आपल्या मैल्याविना जगत आलेच आहेत. त्यांच्यासाठी उथळ जागा, उघडा चिखल आणि शांतता राखणे हे आपले कर्तव्य आहे. त्यांना पोसण्यासाठी खाडी नासवीत राहणे हे नाही. थवे विरळ झाले, पण जाळ्यात बोय आणि कोळंबी परतली, वालधुनीत पाय बुडवता आला, तर त्या व्यवहारात समाजाचा नफाच आहे. हा नफा तिकिटाच्या खिडकीवर जमा होणार नाही. म्हणून तो दुसऱ्या वहीत मांडावा लागेल.

ती वही नगरपालिकांच्या अंदाजपत्रकाची आहे. दरवर्षी महाशिवरात्रीच्या सुमारासच तिन्ही शहरांची अंदाजपत्रके तयार होत असतात. त्यांत रस्ते, दिवे, उद्याने यांची लेखाशीर्षे आपण वाचतो. यंदा नागरिकांनी आपापल्या नगरसेवकाला एवढेच विचारावे की, नदी कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे आणि तिच्यासमोर कोणती रक्कम आहे. उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.